जुन्या ट्रकचा सेल्फ : दोष कसा शोधावा व घरीं काय दुरुस्त करतां येतें

निफाड, दिंडोरी, चांदवड व सिन्नर या तालुक्यांतील पुष्कळ बागाईतदारांच्या खळ्यावर आज स्वतःच्या मालकीचा एखादा जुना ट्रक उभा असतो. कांदा लासलगांवच्या किंवा पिंपळगांव बसवंतच्या बाजारांत न्यावयाचा, द्राक्षांच्या पेट्या शीतगृहापर्यंत पोंचवावयाच्या, येतांना खताच्या गोणी व पेंड भरून आणावयाची, अशीं कामें त्याजकडून होतात. टाटांनीं १९८६ सालीं काढलेल्या ४०७ जातीच्या गाड्या या कामीं विशेष दिसतात. गाडी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातची घेतलेली असते. तिचें इंजिन धड असलें तरी विजेची जोडणी मात्र अनेकांच्या हातांखालून गेल्यामुळें जीर्ण झालेली असते. अशा गाडीची नित्याची तक्रार म्हणजे ऐन वेळीं सेल्फ न लागणें ही होय.

तक्रार वरकरणीं क्षुल्लक दिसते. परंतु ती किती महाग पडते याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. कार्तिकाचे दिवस होते. चाळींतील उन्हाळ कांद्याचा शेवटचा माल भरून ठेवला होता, व लिलावाच्या रांगेंत लवकर नंबर लागावा म्हणून पहांटें चार वाजतां निघावयाचें ठरलें होतें. चावी फिरविली तों एकच ‘टक्’ असा आवाज झाला व पुढें कांहीं नाहीं. दोन-चार वेळां हाच प्रकार झाल्यावर सहा माणसें लावून भरलेली गाडी ढकलूं लागलों. दंवानें माती निसरडी झाली होती. दाराजवळ खांदा लावलेला एक गडी घसरला व मागचें चाक त्याच्या पावलावरून गेलें. त्याच्या पायाचीं दोन बोटें काढावीं लागलीं. माल त्या दिवशीं बाजारांत गेला नाहीं, हें सांगण्याचीहि आम्हांस लाज वाटते.

पुढें कारागिराला बोलाविलें. त्यानें दिवे लावून पाहिले; ते लख्ख लागले. तेव्हां बॅटरी चांगली, अर्थात् सेल्फ गेला, असा निकाल देऊन त्यानें नवा सेल्फ बसविला व जुना भंगारांत गेला. नवव्या दिवशीं पुन्हां तोच ‘टक्’! खरा दोष अखेरीस सांपडला तो इंजिन व चासी यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्टींत. तांब्याच्या तारांची ती विणलेली पट्टी गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूस दडलेली होती, व खताच्या पाण्यानें हिरवी पडून तिचे मोजके धागेच काय ते शिल्लक राहिले होते. नवा सेल्फ बसवितांना ती हालली, धागे पुन्हां टेकले, व आठ दिवस काम चाललें. जुन्या सेल्फमध्यें कदाचित् कांहींच दोष नव्हता. या लेखाचा हेतु एवढाच कीं, सेल्फ उतरविण्यापूर्वीं त्याजपर्यंत वीज नीट पोंचते कीं नाहीं हें शेतकऱ्यानें स्वतः पाहावें. आणि दोष सेल्फमध्येंच आहे असें ठरल्यावर त्यांतलें घरीं होण्यासारखें काम कोणतें व दुकानीं नेण्यासारखें कोणतें, हें त्याला कळावें.

सेल्फचें काम

मोटारी निघाल्या तेव्हां त्या पुढून हँडल फिरवून चालू कराव्या लागत. हँडल उलटें फिरलें म्हणजे मनगट मोडे. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें विजेचा सेल्फ तयार केला, व १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर तो प्रथम आला. पेट्रोलच्या जुन्या ट्रकांना सेल्फच्या जोडीला हँडलहि असे, म्हणून सेल्फ बिघडला तरी गाडी अडत नसे. डिझेलची गोष्ट निराळी आहे. तेथें ठिणगी नसते. सिलिंडरांतील हवा इतकी दाबावी लागते कीं त्या दाबाच्या उष्णतेनेंच तेल पेटावें. त्यासाठीं इंजिन मिनिटास निदान शंभरावर फेरे फिरलें पाहिजे, व तेंहि पूर्ण दाबाविरुद्ध. एवढें बळ मनुष्याच्या हातांत नाहीं. म्हणून डिझेलच्या ट्रकला सेल्फ म्हणजे चैनीची वस्तु नव्हे.

सेल्फ ही एक विजेची मोटार आहे. तिच्या दांड्यावर एक लहान दातेरी चाक असतें. त्याला पिनियन म्हणतात. चावी फिरविली म्हणजे सेल्फच्या पाठीवर बसविलेला सोलेनॉइड दोन कामें करतो. प्रथम तो आपल्या चुंबकानें दांडी ओढून पिनियनला फ्लायव्हीलच्या दात्यांत सरकवितो. आणि दांडी पुरती ओढली गेली म्हणजे आंतली तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर टेकवून बॅटरीची सारी वीज मोटारींत सोडतो. आपण ऐकतों तो ‘टक्’ या सोलेनॉइडचा. तो आवाज आला याचा अर्थ चावीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक तार शाबूत आहे, एवढाच. पुढच्या जाड मार्गाविषयीं त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं.

या जाड मार्गाचा हिशेब लक्षांत ठेवण्यासारखा आहे. लहान डिझेल ट्रकचा सेल्फ १२ व्होल्टच्या बॅटरींतून सुमारें ३०० अँपिअर ओढतो. मार्गांत कोठें गंजामुळें ओहमच्या शंभराव्या हिश्शाएवढाच अडथळा आला, तरी ३०० अँपिअरला त्या एका ठिकाणीं ३ व्होल्ट खर्चीं पडतात, व सेल्फच्या वांट्याला ९ उरतात. शिवाय त्या सांध्यावर ९०० वॉट, म्हणजे एका घरगुती इस्त्रीएवढी उष्णता निर्माण होते. दिव्यांना मात्र पांच-दहा अँपिअरच लागतात. त्यांना हा अडथळा जाणवतहि नाहीं. दिवे लख्ख लागले म्हणून मार्ग चांगला, हा निष्कर्ष कां फसतो तें यावरून ध्यानांत येईल. आमच्या गाडींत तर दिव्यांचा अर्थ चासीला होता व तुटलेली पट्टी चासी आणि इंजिन यांच्या मध्यें होती. दिव्यांचा त्या पट्टीशीं संबंधच नव्हता.

शेतकऱ्याच्या गाडीचीं दुखणीं

वाहतुकीचा धंदा करणाऱ्याची गाडी रोज धांवते. आपली गाडी हंगामांत दिवसाला दोन फेऱ्या करते, आणि मग दोन-दोन महिने लिंबाखालीं उभी राहते. या उभें राहण्यानेंच तिचा सेल्फ अधिक बिघडतो असें आमचें मत आहे. बॅटरी पडून राहिली तरी आपोआप उतरते, व उतरलेल्या स्थितींत राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर कठीण थर चढून ती कायमची अशक्त होते. सेल्फच्या आंत दमट हवेनें कॉम्युटेटरवर डाग पडतात व पिनियन दांड्यावर चिकटतें. त्यांतच आपण त्या गाडींतून युरिया, पोटॅश, फवारणीचें गंधक व मोरचूद वाहून आणतों. गोणी फुटते, धूळ फटींतून खालीं उतरते, पहिल्या पावसांत ती ओली होते, आणि तांब्याला खाऊं लागते. कांद्याचे पापुद्रेहि चासीच्या कोपऱ्यांत सांचून ओल धरून ठेवतात.

थंडीचा विचार वेगळा करावयास हवा. निफाडकडे हिवाळ्यांत पारा कित्येकदां ५ अंशांच्या खालीं उतरतो, व द्राक्षबागाईतदार रात्रीं शेकोट्या पेटवितात, हें सर्वांस ठाऊक आहेच. अशा पहांटें बॅटरीचें बळ उन्हाळ्याच्या मानानें सुमारें एक तृतीयांशानें घटतें, आणि इंजिनांतील तेल घट्ट झाल्यामुळें सेल्फला जोर मात्र अधिक लावावा लागतो. मार्गशीर्षांत ज्या गाडीचा सेल्फ कुंथतो तीच गाडी चैत्रांत सुरळीत लागते. म्हणून दोष आपोआप गेला असें समजूं नये.

उतरविण्यापूर्वीं पाहावयाच्या गोष्टी

आरंभींच एक सूचना. गाडी सपाट जागीं उभी करून चारी चाकांना दगड लावावे, गिअर न्यूट्रलमध्यें आहे हें स्वतः दांडा हालवून पाहावें, व हातांतील अंगठी व कडें काढून ठेवावें. पेचकस टेकवून सेल्फचे दोन बोल्ट जोडण्याची युक्ति रस्त्यावर सर्रास चालते. गाडी गिअरमध्यें असेल तर त्या क्षणीं ती चालूं लागते, आणि खालीं निजलेला मनुष्य चाकापुढें असतो. आम्ही ही युक्ति घरांत बंद केली आहे.

पहिला मान बॅटरीचा. मल्टिमीटर आतां स्वस्तांत मिळतो. तो प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं असावा. गाडी रात्रभर उभी असतां भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, आणि १२ च्या खालीं गेली म्हणजे आधीं ती भरून आणावी, मग पुढचा तपास. ज्या बॅटरींत पाणी घालतां येतें तिची घनताहि हायड्रोमीटरनें पाहावी. सर्व खणांत ती १.२५० च्या जवळपास व सारखी असावी. एकच खण फार मागें असेल तर ती बॅटरी नवा सेल्फ घेऊनहि सुधारणार नाहीं. यानंतर इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरून, म्हणजे तेल तोडून, मदतनिसाला चावी फिरवावयास सांगावें व त्याच वेळीं बॅटरीचा आकडा पाहावा. सेल्फ फिरत असतां तो ९.६ च्या खालीं जाऊं नये. मोठ्या ट्रकवर दोन बॅटऱ्या ओळीनें जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तेथें हे आकडे दुप्पट धरावे, आणि प्रत्येक बॅटरी स्वतंत्र तपासावी, कारण दोहोंतली एकच निकामी असणें हें नेहमींचें आहे.

दुसरी गोष्ट आवाजाची. दिवे लावून चावी फिरवावी व कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवावे. दिवे एकदम मालवल्यासारखे झाले व सेल्फ हालला नाहीं, तर बॅटरी अशक्त आहे, तिचे चिमटे ढिले आहेत, किंवा क्वचित् सेल्फ अथवा इंजिनच जखडलें आहे. ‘टक् टक् टक्’ असा भराभर आवाज बहुधा उतरलेल्या बॅटरीचा असतो. एकच ठणठणीत ‘टक्’ व दिवे जसेच्या तसे, म्हणजे वीज सोलेनॉइडच्या चकतीपुढें, कार्बनपुढें किंवा अर्थमध्यें अडली आहे. कांहींच आवाज नसेल तर चावीचा स्विच व बारीक तार पाहावी. मोटार भर्र फिरते पण इंजिन हालत नाहीं, तेव्हां पिनियनचा एकेरी क्लच घसरतो आहे. आणि दाते घासल्याचा कर्कश आवाज आला तर पुन्हां पुन्हां चावी फिरवूं नये, कारण सेल्फ स्वस्त व फ्लायव्हीलचा दातेरी कडा महाग. तो बदलण्यासाठीं गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

तिसरी तपासणी मार्गाची, आणि हीच बहुधा कोणी करीत नाहीं. मीटरची एक सुई बॅटरीच्या धन खुंटावर टेकवावी; चिमट्यावर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खुंटावर. दुसरी सुई सेल्फच्या जाड बोल्टावर. तेल तोडून चावी फिरवावी. मीटर अर्ध्या व्होल्टहून अधिक दाखवील तर तेवढी वीज त्या वाटेवर हरवते आहे. मग दुसरी सुई एकेक सांधा मागें आणीत जावी. ज्या सांध्याला ओलांडतांच आकडा एकदम उतरेल तो सांधा दोषी. असेंच ऋण खुंट व सेल्फची उघडी धातु यांच्यामध्यें करावें. आमची गाडी या एका तपासणींत दोन मिनिटांत पकडली गेली असती. मीटर नसल्यास जाड जंपर तारेनें बॅटरीचा ऋण खुंट थेट इंजिनाच्या अंगाला जोडून पाहावें. सेल्फ लगेच जोरानें फिरला तर दोष अर्थमध्यें आहे हें निश्चित. अथवा पांच-सहा वेळां चावी फिरवून लागलीच एकेक सांधा हातानें चाचपावा. गरम लागेल तो सांधा खराब.

येथें आमच्या दुर्लक्षाची आणखी एक गोष्ट सांगतों. अपघाताच्या आधीं पंधरा दिवसांपासून इंजिन बंद करण्याची तार चावी फिरवितांच चटका देण्याइतकी तापत असे. पट्टी तुटत चालल्यामुळें सेल्फची वीज त्या बारीक तारेंतून वाट काढीत होती. गाडी आम्हांस सांगत होती. आम्ही हात झटकून पुढें जात होतों.

दोषी सांधा सांपडल्यावर काम सोपें आहे. प्रथम बॅटरीचा अर्थचा चिमटा काढावा, म्हणजे पाना कोठें टेकला तरी ठिणगी पडत नाहीं. चिमटे व खुंट सोड्याच्या पाण्यानें धुवावे, तें पाणी बॅटरीच्या खणांत जाऊं देऊं नये. नंतर काचकागदानें धातु चकचकीत होईपर्यंत घासावी, घट्ट आवळावी, आणि वरून ग्रीसचा हात फिरवावा. ग्रीस आवळल्यानंतर, आधीं नव्हे. अर्थची पट्टी जेथें इंजिनाला लागते तेथला रंग खरवडून काढावा, कारण रंगावर आवळलेला बोल्ट दिसावयास घट्ट व विजेला बंद असतो. पट्टी पुरेशी जाड घ्यावी. बारीक दिव्याच्या तारेनें हें काम भागविलेलें आम्ही पाहिलें आहे. अशी तार पेट घेते.

सेल्फ उघडल्यावर

मार्ग निर्दोष ठरला व तरीहि सेल्फ फिरला नाहीं, तरच तो खालीं घ्यावा. तो चांगला जड असतो, आणि शेवटचा बोल्ट निघतांच खालीं निजलेल्याच्या छातीवर येतो. म्हणून खालीं लांकडाचा ठोकळा किंवा भरलेली गोणी द्यावी. कवच उघडण्यापूर्वीं दोन्ही टोपणें व मधलें कवच यांवर टोंचणीनें रेघ मारून ठेवावी, म्हणजे जोडतांना तेंच तोंड जुळतें. वॉशर ज्या क्रमानें निघतील त्या क्रमानें दोऱ्यांत ओंवावे. ही बायकी युक्ति म्हणून आमचे गडी हंसले. पण आजवर वॉशर उलटा पडलेला नाहीं.

आंत प्रथम कार्बन पाहावे. ते बहुधा चार असतात, व झिजून नव्याच्या निम्म्यावर आले म्हणजे बदलावे. कार्बन आपल्या खोबणींत मोकळा सरकला पाहिजे. धुळीनें अडकून बसलेला कार्बन कॉम्युटेटरला टेकतच नाहीं, आणि केवळ खोबण पुसल्यानें सेल्फ जिवंत झाल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. स्प्रिंग तापून निळी पडली असेल तर तीहि बदलावी. नव्या कार्बनची शेपटी डाखावयाची असेल तर कथील भरपूर तापवून, पण शेपटींत वर न चढूं देतां डाखावी; कथील चढलेली शेपटी ताठ होऊन कार्बनला अडकविते. नवा कार्बन गोलाईला बसावा म्हणून कॉम्युटेटरभोंवतीं बारीक काचकागद खरखरीत बाजू वर करून गुंडाळावा व आर्मेचर हातानें फिरवावें.

कॉम्युटेटर काळा पडला असेल तर त्याच काचकागदानें साफ करावा. लोखंड घासावयाचा काळा एमरी कागद येथें वापरूं नये. त्याचे कण वीज वाहतात व दोन पट्ट्यांच्या मध्यें रुतून बसतात. पट्ट्यांमधील अभ्रक कांहीं बनावटींत खालपर्यंत कोरलेलें असतें, कांहींत पट्ट्यांच्या बरोबरीला असतें. जसें असेल तसेंच ठेवावें. उगाच करवतीनें कोरून सुधारणा करूं पाहणारे कारागीर आम्हांस भेटले आहेत.

टोपणाच्या आंतल्या बाजूस कथिलाचे चकचकीत थेंब उडालेले दिसले तर सेल्फ पूर्वीं फार तापला होता असें समजावें. चावी एका वेळीं दहा सेकंदांपेक्षां अधिक धरूं नये, व मध्यें अर्धा-एक मिनिट विसावा द्यावा, या नियमाचें कारण तेथें प्रत्यक्ष पाहावयास मिळतें. आर्मेचरच्या लोखंडावर एका बाजूस घासल्याची चमक असेल तर दांड्याचे बुश झिजले आहेत व आर्मेचर चुंबकाच्या लोखंडाला घासतें आहे. बुश थोड्या पैशांत मिळतात. नवा बुश सच्छिद्र कांस्याचा असतो. तो एक दिवस इंजिन ऑइलमध्यें बुडवून ठेवावा व मगच बसवावा. बुशकडे दुर्लक्ष करून नुसते कार्बन बदलणें म्हणजे गळक्या चाळीला पुढून रंग देणें होय.

गुंडाळी जमिनीला टेकली आहे कीं काय हें पाहण्यास बॅटरी व एक लहान बल्ब पुरे. बल्बमधून आलेल्या तारेचें टोंक कॉम्युटेटरच्या एकेका पट्टीला व बॅटरीकडील दुसरें टोंक दांड्याला लावावें. बल्ब लागला तर आर्मेचर गेलें. बल्ब लागला नाहीं म्हणून तें पूर्ण निर्दोष आहे असेंहि नव्हे. आंतल्या आंत जुळलेले वेढे ओळखण्यास ग्राऊलर नांवाचें उपकरण लागतें. येथें घरचें काम संपतें. आर्मेचर भरून घेणें किंवा बदलणें हें पिंपळगांवच्या वा नाशिकांत द्वारकेच्या बाजूच्या जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सोंपवावें. ज्या नाशकांत सातपूरच्या कारखान्यांतून डिझेल इंजिनांचे इंजेक्टर तयार होऊन बाहेर जातात, तेथें हातगुणाचे कारागीर नाहींत असें नाहीं. फक्त सेल्फ त्यांच्या हातीं देतांना कार्बन किती झिजले होते व मार्गांत किती व्होल्ट हरवत होते, हें आपण सांगावें, म्हणजे तेहि जपून काम करतात.

सोलेनॉइडची दुरुस्ति मात्र घरीं साधण्यासारखी व फार उपयोगाची आहे. त्याची टोपी उघडली म्हणजे तांब्याची चकती व दोन बोल्टांचीं डोकीं दिसतात. वर्षानुवर्षें ठिणग्या उडून त्यांना खड्डे पडलेले असतात. चकती उलटी बसविली म्हणजे तिची न झिजलेली बाजू पुढें येते, व बोल्ट अर्धा फेरा फिरविले म्हणजे त्यांचाहि कोरा भाग वर येतो. यास नवीन भाग लागत नाहीं. कांहीं सोलेनॉइडांच्या टोपींत तारा डाखलेल्या असतात. तेथें डाख सोडवून पुन्हां लावण्याचा सराव नसेल तर सबंध सोलेनॉइडच नवा घेणें शहाणपणाचें. चकती बोल्टांना चिकटून बसण्याचा संभव असतो हेंहि ध्यानांत असावें. इंजिन लागल्यावरहि सेल्फ फिरतच राहिला तर चावी बंद करून उपयोग नाहीं, धांवत जाऊन बॅटरीचा चिमटा काढावा लागतो. म्हणून आमच्या गाडीच्या बॅटरीच्या पेटींत त्या मापाचा पाना दोरीनें बांधून ठेवला आहे.

पिनियनचे दाते व एकेरी क्लच शेवटीं पाहावा. पिनियन एका दिशेनें हातानें सहज फिरावें, दुसऱ्या दिशेनें मुळींच फिरूं नये. तें दोन्हीकडे फिरत असेल तर सबंध भाग बदलावा. हा भाग रॉकेलमध्यें बुडवून धुण्याची चाल आहे ती चुकीची. आंत कारखान्यांत भरलेलें ग्रीस त्यामुळें वाहून जातें. वरून फडक्यानें पुसावा, व दांड्यावरील आट्यांना ग्रीसचें पातळ बोट लावावें. जास्त लावल्यास धूळ चिकटून पिनियन पुन्हां अडकतें.

जोडल्यानंतर सेल्फ शेगड्यांत घट्ट धरून दोन-तीन सेकंद बॅटरीवर फिरवून पाहावा. याहून अधिक फिरवूं नये. या जातीच्या मोटारीला भार नसला म्हणजे तिचा वेग वाढतच जातो व गुंडाळी सुटून येते. हातांत धरून तर मुळींच फिरवूं नये, पहिल्या झटक्यालाच मनगट मुरगळतें. गाडीवर बसवितांना सेल्फचें तोंड व इंजिनाची बैठक यांवरील रंग, चिखल व गंज साफ करावा, कारण सेल्फची परतीची वाट त्या बैठकींतूनच आहे. बैठकींत पातळ पत्र्याच्या चकत्या निघाल्या असतील तर त्या होत्या तेथेंच परत घालाव्या. त्यांनींच पिनियन व फ्लायव्हील यांमधील अंतर राखलेलें असतें. बॅटरीचा अर्थचा चिमटा सर्वांत शेवटीं लावावा.

आमचा ट्रक आज चालूं आहे. नवीन अर्थची पट्टी एका संध्याकाळच्या जेवणाच्या खर्चांत आली. ती आम्ही दोन लावल्या आहेत, एक गिअरबॉक्सवर व एक पुढच्या बाजूस इंजिनाच्या पायाजवळ उघडी दिसेल अशी. गाडी उभी राहावयाची असली म्हणजे बॅटरीचा चिमटा काढून ठेवतों, दर पंधरवड्यास तो लावून अर्धा तास इंजिन चालवितों, व खताची फेरी झाली कीं त्याच दिवशीं चासी खालून पाण्यानें धुतों. ज्या गड्याचीं बोटें गेलीं तो अद्याप आमच्याकडेच आहे. पहांटें गाडी काढावयाची असली म्हणजे आदल्या रात्रीं मीटर लावून आकडा पाहतो तो तोच, आणि १२.४ च्या खालीं आला तर आम्हांस उठवितो.